शेवटच्या घरी न पोहोचलेली काठी

ओल्शिनका, २१ सप्टेंबर १९९९

त्रूदा,

तळं उतरतं आहे. धरणाचे दरवाजे दुरुस्तीला काढलेत, रोज हातभर पाणी खाली जातं, आणि काल दुपारी जुन्या दफनभूमीची टेकडी वर आली. मी काठावरूनच पाहिली. माझ्या डोळ्यांवर आता फार भरवसा ठेवायचा नाही, पण रोझालिया धरणाच्या इंजिनियरबरोबर होडीतून गेली होती आणि टेकडीवर पाय ठेवून आली. कुंपणाचे दगड जागच्या जागी आहेत म्हणाली. इंजिनियरने लेखी दिलं आहे की पंधरा ऑक्टोबरपासून तिथे चालत जाता येईल. पंचवीसला दरवाजे परत बसतील आणि पाणी चढायला लागेल.

ज्यांचं कुणी खाली राहिलं आहे, त्यांना वरच्या नव्या दफनभूमीत आणता येईल. सोळा ऑक्टोबरच्या आधी थडगं उघडायला कायद्याची परवानगी नाही, म्हणून माणसं सोमवारी, अठराला येणार. अर्ज मात्र शुक्रवारी पंधरापर्यंत हातात पडायला हवा. फॉर्म सोबत आहे. ब्रिगिडाचं नाव, जन्माची आणि मृत्यूची तारीख मी भरली आहे. खाली सही आईची किंवा वडिलांची लागते. मामाची चालत नाही, मी विचारून पाहिलं.

तुझा लेओन गेल्याचं मला आठ वर्षांपूर्वी कळलं, तेही बाजारात, तिसऱ्याच माणसाकडून. तेव्हा लिहायला हवं होतं.

फॉर्म सरपंचाच्या नावे पाठवायचा आहे. सरपंच आता रोझालिया आहे, म्हणजे आपल्या जुन्या सरपंचाची, ब्रूनोनची, धाकटी मुलगी. हे वाचून तू कागद बाजूला ठेवशील हे मला कळतं. ठेवू नकोस.

अल्फोन्स


ओल्शिनका, २९ सप्टेंबर

त्रूदा,

तुझं उत्तर नाही. सत्तावीस वर्षांत आलं नाही, ते आठ दिवसांत येईल असं मला का वाटलं कोण जाणे.

जिल्हा कचेरीने माझ्याकडून दोन गोष्टी मागवल्या आहेत, जुन्या गावाचा नकाशा आणि तळ्याकाठी लावायच्या फलकासाठी गावाच्या इतिहास-भूगोलाचं एक पान. खणणाऱ्यांना कुठे काय होतं ते कळायला हवं, आणि दफनाची जुनी वही चर्चच्या कचेरीला आग लागली तेव्हा गेली. तीस वर्षं मुलांकडून नद्या पाठ करून घेतल्या, म्हणून हे काम माझ्या गळ्यात. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून बसतो. मोनिका म्हणते, नवऱ्याचं गाव बुडालं तरी पसारा काही संपला नाही.

पान असं सुरू केलंय: ओल्शिनका काचवाल्यांनी वसवली. त्यांना वाळू हवी होती आणि जाळायला जंगल. जंगल संपलं तसे ते पुढच्या जंगलाकडे गेले, आणि ज्यांनी इथल्या मुलींशी लग्नं केली होती ते मागे राहिले. आपण त्या मागे राहिलेल्यांचे. पाणी हटल्यावर काठावर त्यांच्या भट्टीतले हिरव्या काचेचे गोळे सापडायला लागलेत. रविवारी शहरातून लोक येतात आणि पिशव्या भरून नेतात.

जमीन वाळूची. राई येते, बटाटे येतात, आणि दगड तर न पेरता येतात. उत्तरेला लांबट तळं, ते आता धरणात गेलं. मधून ओढा, दोन्ही काठांना ऑल्डरची झाडं, आपल्या बोलीत ओल्शा, त्यांच्यावरूनच गावाचं नाव. पहिल्या महायुद्धानंतर नवा नकाशा आखला, तेव्हा कुणीतरी त्या ओढ्यावर पेन्सिल फिरवली आणि पलीकडे जर्मनी झाली. आजीची गाय तुला आठवते? म्हणजे तिची गोष्ट. गाय सकाळी पोलंडमध्ये चरायची आणि दुपारी जर्मनीत. शिपाई म्हणाला, "मावशी, गाईचे कागद?" आजी म्हणाली, "तिला शिंगं आहेत बाबा, कागद कशाला?" मग एकोणचाळीस साली सीमाही गेली आणि चर्चची घंटाही गेली. पंचेचाळीसला दुसरे शिपाई आले. गावाचं नाव तीनदा बदललं, आणि तिन्ही वेळा आपण तिथेच बटाटे काढत होतो. हे शेवटचं वाक्य कचेरीला आवडणार नाही, पण मी ठेवलंय.

नकाशा जवळपास झाला. वर टेकाडावर सरपंचाचं घर, तिथून उताराचा रस्ता, डावी-उजवीकडे मिळून चौदा घरं, शेवटून दुसरं आपलं, मग ओढ्यावरचा लाकडी पूल, आणि पुलापलीकडे पाइनच्या कडेला तुझं, शेवटचं. रोझालियाने नकाशा हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

"काका, तुम्ही तर कोंबड्यांची खुराडीसुद्धा काढलीत."

"जिथे जे होतं ते काढलं."

"सगळ्या घरांना दारं आहेत. या शेवटच्याला नाही."

विसरलो म्हणालो. नंतर काढलं.

दफनभूमीत मुलांची रांग उत्तरेच्या कुंपणाला होती. ब्रिगिडा कोपऱ्यातून तिसरी. एवढं मला वहीशिवाय माहीत आहे. फेब्रुवारी होता, जमीन हातभर गोठलेली. लेओन आणि मी सकाळपासून पाइनची खोडं जाळून ती मऊ करत होतो. चार वर्षांच्या मुलीला जागा ती केवढी लागते, तरी दुपार टळली. लेओन एकदाच बोलला. म्हणाला, "उबदार झालं असेल आता खाली."

फॉर्म पाठव.

अल्फोन्स


ओल्शिनका, ४ ऑक्टोबर

त्रूदा,

शनिवारी तुझा लिफाफा आला. फॉर्म कोरा, आणि त्याच्या मागे दोन ओळी: "ब्रूनोनच्या घरात माझ्या मुलीचा कागद जाणार नाही. त्याने माझ्या दारी काठी येऊ दिली नाही, हे मी मेल्यावरही विसरणार नाही."

तुझं अक्षर बदललेलं नाही. काठीबद्दल मला कधीतरी लिहावं लागणार हे ठाऊक होतं.

तिथे जर्मनीत तुझ्या नातवंडांना तू ही काठी कशी समजावून सांगितली असशील, की सांगितलीच नसशील? सांगितलीस तर हसले असतील. वाकडं मूळ, टोकाला चीर, चिरेत सरकारी कागद. सरपंचाच्या घरून निघायची आणि घरोघर करत शेवटच्या घरापर्यंत जायची. प्रत्येक घराने कागद वाचायचा, खाली आपली खूण करायची आणि लगेच शेजारी न्यायची. दारात ठेवून यायचं नाही, हातात द्यायची. शेवटचं घर ती सरपंचाकडे परत आणणार. गावात टेलिफोन नव्हता, पण बातमी चुकली असं कधी झालं नाही.

एकोणसत्तरच्या ऑक्टोबरात, सात तारखेला, मंगळवारी ती निघाली. खालची दफनभूमी पाण्यात जाणार, ज्यांना आपली माणसं वर हलवायची असतील त्यांनी शनिवारी दुपारपर्यंत कचेरीत सही करावी. मध्ये रविवार नव्हता, नाहीतर फादरांनी चर्चमध्ये सांगितलं असतं. लेओन तेव्हा छातीच्या दवाखान्यात होता. आणि गावातले लोक, त्यांना वाटलं तुझ्याकडे काठी गेली असेल. ज्या बाईचं मूल दीड वर्षापूर्वी गेलं, तिच्यापाशी थडग्याचा विषय कोण काढणार?

ब्रूनोनने काठी अडवली नाही. ती आमच्याकडे राहिली. बटाट्यांची घाई होती, दाराआड उभी केली आणि विसरली गेली. कागदावर काय आहे ते मी वाचलंही नव्हतं. ब्रूनोनचा त्यात काही दोष नाही, म्हणून रोझालियाचाही नाही. दुसरा फॉर्म जोडला आहे. अजून अकरा दिवस आहेत.

अल्फोन्स


ओल्शिनका, ६ ऑक्टोबर

त्रूदा,

सोमवारचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत मला कळलं की ते परत काढून घेता आलं तर बरं. त्यात एक खोटं होतं. हे पत्र तातडीच्या टपालाने पाठवतोय, म्हणजे कदाचित दोन्ही बरोबरच पोहोचतील.

कागद मी वाचला होता. मंगळवारी संध्याकाळी, जेवणाआधी, दोनदा. खाली तेरावी खूण माझी.

त्या उन्हाळ्यात आईच्या कुरणावरून काय झालं ते तुला सांगायला नको. लेओन दवाखान्यात होता, आणि मी तुझ्या वाटणीचं गवतही कापून आमच्या गोठ्यावर टाकलं. तुझी मदत करतोय असं मी स्वतःला सांगितलं होतं, पण तुला एक पेंढीही दिली नाही. तू दुकानात चार लोकांत मला चोर म्हणालीस. बरोबर होतीस. म्हणूनच मला ते इतकं लागलं. त्यानंतर आपण बोलत नव्हतो.

काठी हातात द्यायची म्हणजे तुझ्या दारात उभं राहून काहीतरी बोलावं लागणार.

"तूच देऊन ये," मी मोनिकाला म्हणालो.

"का? बहीण तुझी आहे."

"तिने मला चोर म्हटलं."

"मग चोर नाहीस ते दाखव की. पाच मिनिटांचं काम आहे. काठी दे नि ये, जेवण गार होतंय."

त्या दिवशी गेलो नाही. बुधवारी गेलो. पुलाच्या मध्यापर्यंत. तू शेतात होतीस, पाठमोरी, कमरेला निळं पोतं बांधलेलं, बटाटे उकरत होतीस. मी मनात ठरवलं, हिने वळून पाहिलं तर जायचं. मोठी आहे, हाक मारणं तिचं काम. तिथे उभाच राहिलो. तू एक वाफा संपवून दुसरा धरलास. मी परत आलो. त्यात तुझं काय चुकलं? तुला मी दिसलोच नव्हतो.

गुरुवारी म्हणालो उद्या. शुक्रवारी म्हणालो, तिला कुणीतरी सांगितलं असेलच. शनिवारी दुपारी कचेरी बंद झाली तेव्हा मी पोत्यांवर बसून होतो, आणि किती वाजले आहेत ते मला माहीत होतं.

सोमवारी ब्रूनोन काठी शोधत आला. दाराआडून काढली, कागद उलगडला आणि बोटाने खुणा मोजल्या.

"तेरा. चौदावी कुठाय?"

मी पुलाकडे पाहिलं.

"अरे गाढवा," तो म्हणाला. ओरडला नाही. "अरे गाढवा, ते तिचं पोर आहे."

सायकल घेऊन तसाच कचेरीत गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. यादी बंद झाली, वर पाठवली, आता काही करता येत नाही, असं त्याला दोन्ही वेळा सांगितलं. परत आला तेव्हा विजार गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली होती. मी म्हणालो, त्रूदाला मी सांगतो.

"तू काही सांगू नकोस. आई जाऊन वर्ष झालं नाही, आता तुम्ही दोघंच उरलात. तुझं नाव कळलं तर ती जन्मात तुझं तोंड बघणार नाही. मी सरपंच आहे, शिव्या खाणं माझ्या कामातच येतं."

मला तेव्हा हायसं वाटलं. हे लिहायला फार वेळ लागला.

नोव्हेंबरात तू दफनभूमीच्या फाटकाशी उभी होतीस आणि इतरांच्या पेट्या गाडीवर चढत होत्या. तू ब्रूनोनच्या पायापाशी थुंकलीस. "माझ्या लेओनने तुला मत दिलं नाही म्हणून तू माझं पोर बुडवलंस" म्हणालीस. त्याने टोपी काढली आणि तू बोलून होईपर्यंत तशीच हातात धरून उभा राहिला. मी दहा पावलांवर होतो. मी माझी टोपी काढली नाही. मला थंडी वाजत होती.

ब्रूनोन चौऱ्याऐंशीला गेला. त्याच्या मयताला शेजारच्या दोन घरांतून कुणी आलं नाही. तोपर्यंत तू सांगितलेली गोष्ट सगळ्या गावाची झाली होती. तू तर बाहत्तरलाच लेओनबरोबर जर्मनीला निघून गेली होतीस. आणि ज्या कुरणावरून हे सगळं झालं, तू गेलीस तेव्हा ते पाण्याखाली जाऊन वर्ष उलटलं होतं.

काल मी रोझालियाकडे गेलो. ती अळंबी साफ करत बसली होती. म्हणालो, बस, तुला एक सांगायचं आहे. ती म्हणाली, "बसलेलीच आहे, काका. काठीचं ना?"

"तुला माहीत आहे?"

"बाबा गेले त्या वर्षी आईने सांगितलं."

"पंधरा वर्षं?"

"त्याआधीची शाळेतली धरा की. मधल्या सुट्टीत पोरं म्हणायची, तुझ्या बापाने मेलेलं पोर बुडवलं. तुम्ही आत फळ्यावर खडूने लिहीत असायचात."

"मग मला कधी बोलली का नाहीस?"

"मास्तरांना काय बोलायचं?" तिने एक अळंबी किडकी निघाली ती बाजूला टाकली. "वाट बघत होते, तुम्ही कधी बोलता त्याची. बाबा असताना बोलला असतात तर बरं झालं असतं."

मग तिने मला चहा दिला. तो तसाच ठेवून मी घरी आलो.

त्रूदा, माझ्याकडे बघून सही करू नकोस, आणि माझ्यावरच्या रागाने थांबूही नकोस. कागद रोझालियाला पाठव. त्या घरी तुझा कागद अगदी सुरक्षित आहे. तो जिथे जायला नको होता ते घर माझं होतं.

अल्फोन्स


ओल्शिनका, १६ ऑक्टोबर

त्रूदा,

हे पत्र टपालात टाकत नाही. तू उद्या पोहोचणार, तेव्हा रोझालिया ते तुझ्या हातात देईल.

काल, शेवटच्या दिवशी, अकरा वाजता पोस्टमन रोझालियाकडे फॉर्म घेऊन आला. सही होती, तारीख होती, सगळं बरोबर. सोबत तिच्या नावे चार पानी पत्र. माझ्यासाठी काही नव्हतं, आणि मी तशी अपेक्षाही ठेवली नव्हती, निदान तसं म्हणतो. रोझालियाने पत्र माझ्यासमोर उघडलं. दुसऱ्या पानावर ती उठून खिडकीशी गेली आणि उरलेलं तिथेच वाचलं. परत आली तेव्हा मला तिने एकच ओळ वाचून दाखवली: "अल्फोन्सला तिथे उभा करू नकोस."

ठीक आहे, मी म्हणालो. पण जागा दाखवणारं दुसरं कुणी नाही, म्हणून आज सकाळीच टेकडीवर जाऊन आलो. गाळ अजून घोट्यापर्यंत आहे. वनखात्याच्या दोघांनी फळ्या टाकून वाट केली, तिच्यावरून नीट चालता येतं. तू उंच बूट घालून जा. कोपऱ्याचा दगड सापडला, तिथून मापं घेतली आणि चार खुंट्या ठोकल्या. एकदा खात्री होईना म्हणून दुसऱ्यांदा मापलं. तेच आलं. रोझालिया म्हणाली, "पुरे, काका." मग आम्ही परत आलो.

कचेरीचं पान मी सोमवारीच पाठवलं. काचवाल्यांपासून धरणापर्यंत सगळं त्यात आहे. धरणाच्या परिच्छेदात एक वाक्य वाढवलं: "दफनभूमी हलवण्याची सूचना चौदापैकी तेरा घरांना मिळाली; ती तेराव्या घरात अडली, आणि ते घर हे पान लिहिणाऱ्याचं होतं." कचेरीतल्या साहेबाने फोन केला. म्हणाला, मास्तर, फलकावर असलं वैयक्तिक कशाला, गावाचा इतिहास हवा आहे. मी म्हणालो, हाच आहे. तो म्हणाला, बघतो. ठेवतील की खोडतील सांगता येत नाही. मी मात्र ते वाक्य रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चमध्ये उभा राहून वाचणार आहे, तू येण्याच्या आधी. फादरांची परवानगी घेतली आहे. ज्या दोन घरांतून ब्रूनोनच्या मयताला कुणी आलं नाही, त्यांच्याकडे आज स्वतः जाऊन सांगितलं. एका म्हातारीने दार लावून घेतलं. दुसरीने विचारलं, आता सांगून काय उपयोग?

आता पुढचं, जेवढं ठरलंय तेवढं. हे वाचशील तेव्हा तू संध्याकाळच्या साडेपाचच्या बसने हमरस्त्यावर उतरली असशील. रोझालिया गाडी घेऊन तिथे आली असेल, राहायचं तिच्याकडेच. सोमवारी पहाटे सहाला चार माणसं आणि आरोग्य खात्याचा अधिकारी येतील. वाळूची जमीन आहे, तेव्हा तासाभरात होईल असं त्यांचा मुकादम म्हणतो. काय मिळेल याबद्दल तो काही बोलत नाही, आणि तूही त्याला विचारू नकोस. पेटी पांढरी आहे, सुताराने काल आणून दिली. प्रार्थना दहाला. वर आईच्या शेजारी जागा आहे, तिला तर पहिल्यापासून वरच पुरलं होतं.

टेकडीवर मी नसेन. वरच्या दफनभूमीत यावं की नाही हे तू ठरव. रोझालियाकडून निरोप आला तर मागे उभा राहीन, नाही आला तर घरीच असेन.

पंचवीसला दरवाजे बसतील. इंजिनियरचा हिशेब असा, की टेकडी पुन्हा बुडायला नऊ दिवस लागतील, म्हणजे तीन नोव्हेंबर. एक तारखेला, सर्व संतांच्या दिवशी, ती अजून पाण्याबाहेर असेल आणि गाव तिथे मेणबत्त्या घेऊन जाणार आहे, रिकाम्या खड्ड्यांपाशीसुद्धा. तोपर्यंत तू थांबणार आहेस का, हे मी रोझालियाला विचारलं. तिला माहीत नाही. परतीचं तिकीट तू काढलेलं नाहीस, एवढंच ती म्हणाली.

अल्फोन्स